लॅपटॉप मिटला की टॉमकॅट मरतो! डेस्कटॉप नसलेल्या सर्व्हरवर रिपोर्ट चालवायचे कसे?

पतसंस्था_सेवक | सोमवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. मी सांगली जिल्ह्यातल्या एका छोट्या पतसंस्थेत कॉम्प्युटरचं सगळं बघतो, प्रिंटरच्या रिबिनीपासून सॉफ्टवेअरपर्यंत एकटाच. आमचं सॉफ्टवेअर जावात आहे, टॉमकॅटवर (जावाचे वेब प्रोग्रॅम चालवणारा सर्व्हर) चालतं, खाली मायएसक्यूएल डेटाबेस, रिपोर्ट जॅस्परचे (रिपोर्ट बनवणारं साधन) आणि डॅशबोर्डवर ठेवींचा एक बार चार्ट येतो. इतकी वर्षं हे ऑफिसच्या कोपऱ्यातल्या पीसीवर चालायचं, उबंटू डेस्कटॉप होतं आणि लॉगिन झालं की टॉमकॅट आपोआप सुरू व्हायचा. म्हणजे लाइट जाऊन यूपीएस संपला की पीसी परत चालू होऊन लॉगिनच्या स्क्रीनवर थांबायचा, कुणीतरी जाऊन पासवर्ड टाकेपर्यंत चारही शाखा बंद. मागच्या पावसाळ्यात एका पहाटे फक्त तो पासवर्ड टाकायला मी १७ किलोमीटर गाडी मारत गेलोय.

म्हणून महिन्यापूर्वी भाड्याने सर्व्हर घेतला, २ जीबी रॅम, उबंटू सर्व्हर, डेस्कटॉप नाही, नुसती काळी स्क्रीन. विंडोजच्या लॅपटॉपवरून एसएसएचने (दुरून कमांड द्यायची सुरक्षित जोडणी) आत जातो, टॉमकॅटच्या बिन फोल्डरमधलं स्टार्टअप डॉट एसएच चालवतो, दिवसभर सगळं मस्त. रात्री लॅपटॉप बंद करून झोपतो आणि सकाळी फोन सुरू होतात. कधी टॉमकॅटच मेलेला असतो, लॉगमध्ये काहीच नाही, सरळ गायब. कधी टॉमकॅट जिवंत असतो, खाती दिसतात, पैसे भरता येतात पण रिपोर्ट काढला की एरर, "कान्ट कनेक्ट टू एक्स११ विंडो सर्व्हर" आणि पुढे "लोकलहोस्ट १०.०" असलं काहीतरी. शनिवारी रात्री मात्र कधीच मरत नाही, रविवारी सगळं नीट. का ते कळत नाही.

दुसरं म्हणजे पावतीच्या पीडीएफमध्ये मराठीच्या जागी चौकोनी डबे येतायत. ज्यांनी सॉफ्टवेअर बनवलं ते आता हे काम करत नाहीत, सोर्स कोड आहे माझ्याकडे पण मी प्रोग्रॅमर नाही, थोडंफार वाचता येतं. ३१ मार्च जवळ आलाय, सभासद काउंटरवर उभे असतात आणि मी फोनवर असतो. मदत करा प्लीज.

कट्टा_कोडर | सोमवार, रात्री ११:३२

सोपंय भाऊ, तुमचं सेशन बंद झालं की त्यातून सुरू केलेली प्रोसेस पण मरते. नोहप लावून चालू करा किंवा टीमक्समध्ये चालू करून डिटॅच व्हा, दोन्हींत सेशन तुटलं तरी प्रोसेस चालू राहते.

पतसंस्था_सेवक | सोमवार, रात्री ११:४१

दोन्ही करून बघितलं दादा. टीमक्समध्ये ठेवून बाहेर पडलो, सकाळी टीमक्स जिवंत, आतला टॉमकॅट मेलेला.

भटक्या_पेंग्विन | मंगळवार, सकाळी ८:०५

एरर तर स्पष्ट सांगतोय की त्याला एक्स (लिनक्सवर विंडो काढणारी यंत्रणा, एक्स११ तीच) पाहिजे म्हणजे ग्राफिक्स पाहिजेत. सर्व्हरवर एक्सएफसीई डेस्कटॉप टाकून द्या, हलकं असतं, दुरून स्क्रीन बघायला व्हीएनसी लावा, लॉगिन करून ठेवा. आमच्या कॉलेजच्या प्रोजेक्टला आम्ही हेच केलं होतं आणि माउसने सगळं करता येतं हा फायदा वेगळाच.

निशिगंध_रूट | मंगळवार, सकाळी ९:२०

थांबा थांबा, डेस्कटॉप टाकू नका. कोपऱ्यातल्या पीसीवर जो त्रास होता, कुणीतरी लॉगिन केलेलं असलं तरच चालणार, तोच तुम्ही पैसे देऊन भाड्याच्या मशीनवर परत आणाल. शिवाय २ जीबीत जावा आणि मायएसक्यूएल दोघं आधीच मांडी घालून बसलेत, त्यात डेस्कटॉप आला की मेमरी संपल्यावर कर्नल कुणालातरी मारणार आणि सहसा सगळ्यात मोठ्या प्रोसेसलाच मारतो, म्हणजे तुमच्या जावाला किंवा डेटाबेसला. आणि पेंग्विन, व्हीएनसीचं पोर्ट उघड्या इंटरनेटवर ठेवणं पतसंस्थेच्या सर्व्हरला अजिबात नको रे, त्याच्या जुन्या पद्धतीच्या पासवर्डमध्ये पहिली ८ अक्षरंच धरली जातात, बाकी कितीही लांब टाक.

सेवक, मला तीन गोष्टी सांगा. एक, एसएसएचसाठी लॅपटॉपवर जे अ‍ॅप वापरता त्यात एक्स सर्व्हर आपोआप चालू असतो का, वरच्या पट्टीत कुठेतरी एक्सचं चिन्ह दिसतं का. दोन, टॉमकॅट चालू असताना एक्झिट टाइप केलं तर विंडो लगेच बंद होते की तशीच अडकून बसते. तीन, सर्व्हरवर लॉगिन केल्या केल्या एको करून डिस्प्ले व्हेरिएबल (विंडो कुठल्या स्क्रीनवर काढायची ते सांगणारं) छापून बघा, काय येतं ते इथे लिहा.

पतसंस्था_सेवक | मंगळवार, दुपारी १:५०

ताई तुम्हाला कसं कळलं! एक्सचं चिन्ह आहे आणि हिरवं आहे. एक्झिट टाइप केलं की विंडो अडकते, मी वैतागून क्रॉसवर क्लिक करून बंद करतो, मला वाटायचं नेट स्लो आहे. आणि डिस्प्ले छापलं तर "लोकलहोस्ट:१०.०" आलं.

अजून एक विचित्र गोष्ट, आधी सांगायला लाज वाटली कारण कुणाला खरी वाटली नसती. कधीकधी माझ्या लॅपटॉपवर एक करडी छोटी विंडो अचानक उघडते, "खाते क्रमांक सापडला नाही" असं काहीतरी आणि खाली ओके. ब्राउजरमधली नाही, वेगळीच. मी ओके करतो आणि तेवढ्यात शाखेतून फोन येतो की अडकलं होतं ते आता सुटलं.

निशिगंध_रूट | मंगळवार, दुपारी २:३५

बास, सापडलं. आता नीट समजावून सांगते.

तुमच्या अ‍ॅपमध्ये एक्स फॉरवर्डिंग चालू आहे, म्हणजे सर्व्हरवरच्या कुठल्याही प्रोग्रॅमला विंडो काढायची असली तर ती एसएसएचच्या बोगद्यातून तुमच्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर येते. एसएसएच अशा डिस्प्लेचे नंबर १० पासून देतं म्हणून १०.०. तुम्ही त्याच सेशनमधून टॉमकॅट सुरू केलात, तेव्हा ते व्हेरिएबल टॉमकॅटने सोबत नेलं. टीमक्समध्ये केलंत तरी ते तिथेही गेलंच. मग दिवसा कुणीतरी डॅशबोर्डवरचा बार चार्ट उघडला. जावाला चित्र काढायचंय, एडब्ल्यूटी (जावाचं चित्रं आणि विंडो काढणारं अंग) जागं झालं, बघितलं तर डिस्प्ले दिलेला आहे, मग त्याने जाऊन तुमच्या लॅपटॉपच्या स्क्रीनशी जोडणी केली. चित्र स्क्रीनवर दाखवायचंच नाहीये, ते फाइल होऊन ब्राउजरकडे जाणारे, तरी जोडणी होते आणि तशीच उघडी राहते. म्हणूनच तुमचं एक्झिट अडकतं, एसएसएच त्या उघड्या जोडणीची वाट बघत बसतं. तुम्ही क्रॉस मारलात की जोडणी तुटते आणि एक्सची जी मूळ लायब्ररी आहे ती जोडणी तुटल्यावर अख्खी प्रोसेसच संपवते. जावाला अपवाद फेकायची, लॉग लिहायची संधीच मिळत नाही. म्हणून लॉग रिकामा.

आणि ज्या दिवशी कुणी चार्ट किंवा रिपोर्ट काढलाच नाही त्या दिवशी जोडणी झालेलीच नसते, मग टॉमकॅट रात्रभर जगतो आणि सकाळी पहिल्या रिपोर्टला बोगदा सापडत नाही म्हणून ती एक्स११ची एरर. शनिवारी तुमच्याकडे रिपोर्ट निघत नसणार, बरोबर?

करड्या विंडोचं पण तेच. कोडमध्ये कुणीतरी जेऑप्शनपेन वापरलंय, डेस्कटॉप प्रोग्रॅममध्ये संदेश दाखवायला असतं ते. ती विंडो इतकी वर्षं कोपऱ्यातल्या पीसीवर उघडत असणार आणि जवळचं कुणीतरी ओके दाबत असणार. जोपर्यंत ओके होत नाही तोपर्यंत शाखेतल्या क्लार्कची विनंती तिथेच थांबलेली. ते कोडमधून काढावंच लागेल.

पतसंस्था_सेवक | मंगळवार, दुपारी ३:०२

आमच्या शिपाईमामांनी मला दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं की कोपऱ्यातल्या पीसीवर काहीतरी येतं ते मी ओके करतो. मी लक्षच दिलं नव्हतं. आज जाऊन त्यांना सांगितलं की मामा तुमचं बरोबर होतं. आणि शनिवार हाफ डे, रिपोर्ट निघत नाहीत, बरोबर ताई.

जुना_सोलारिस | मंगळवार, संध्याकाळी ७:१५

निशिगंध यांनी अचूक पकडलं. आमच्या काळातली आठवण सांगतो, विषयाला धरून आहे. जावा १.४ यायच्या आधी, म्हणजे २००२ च्या आधी, जावात हेडलेस, म्हणजे स्क्रीनशिवाय चालणं, असा प्रकारच नव्हता. सर्व्हरवर साधी जीआयएफ काढायची तरी एक्स सर्व्हर लागायचाच, आणि सर्व्हर रूममधल्या सन कंपनीच्या मशीनला मॉनिटर कुठून असणार. मग आम्ही एक्सव्हीएफबी चालवायचो, म्हणजे खोटा एक्स सर्व्हर, स्क्रीन नुसती मेमरीत असते, बाहेर काही दिसत नाही. तो मेला की सगळे चार्ट बंद, म्हणून त्याच्यावर लक्ष ठेवायला अजून एक स्क्रिप्ट. १.४ ने जावा डॉट एडब्ल्यूटी डॉट हेडलेस ही प्रॉपर्टी आणली तेव्हा आम्ही एका संध्याकाळी ते सगळं काढून टाकलं होतं, तो आनंद अजून आठवतो. त्यामुळे आजही कुणी साध्या चार्टसाठी डेस्कटॉप टाकायला सांगतं तेव्हा मनापासून वाईट वाटतं. चित्र काढायला स्क्रीन लागत नाही, फॉन्ट आणि दोनचार लायब्ऱ्या लागतात.

एक्सव्हीएफबी अगदी टाकाऊ नाही मात्र. ज्या प्रोग्रॅमला खरंच विंडो उघडावी लागते आणि त्याचा कोड आपल्या हातात नाही तिथे अजून तोच उपाय. उबंटूच्या भांडारातलं डब्ल्यूके-एचटीएमएल-टू-पीडीएफ वापरलेल्यांना अनुभव असेल, पॅच न केलेल्या क्यूटीवर (विंडो काढणारी लायब्ररी) बांधलेलं असल्यामुळे डिस्प्ले मागत बसायचं. ते प्रोजेक्ट २०२३ पासून बंदच आहे, नव्याने कुणी त्याच्या वाटेला जाऊ नका.

भटक्या_पेंग्विन | मंगळवार, रात्री ९:४०

ताई, काका, माझा सल्ला मागे घेतो. पण एक विचारू का, डिस्प्ले नसला की जावा आपोआप हेडलेस होतं ना? मग प्रॉपर्टी वेगळी लिहायची गरज काय?

निशिगंध_रूट | मंगळवार, रात्री १०:१५

चांगला प्रश्न आहे. हो, लिनक्सवर डिस्प्ले व्हेरिएबल नसेल तर जावा स्वतःच हेडलेस धरतं. पण उद्या यांच्यासारखं कुणीतरी घाईत आपल्या सेशनमधून सुरू करणार आणि डिस्प्ले परत आत शिरणार. प्रॉपर्टी ट्रू लिहून ठेवली की डिस्प्ले असो नसो, जावा तिकडे बघतच नाही.

सेवक, आता काय करायचं ते. आधी लॅपटॉपवरच्या अ‍ॅपमध्ये एक्स फॉरवर्डिंग बंद करा. मग टॉमकॅटच्या बिन फोल्डरमध्ये सेटएन्व्ह डॉट एसएच नावाची फाइल करा, ती आधीपासून नसते, आपणच बनवायची, तिच्यात कॅटालिना ऑप्ट्स (टॉमकॅटच्या जावाला द्यायच्या सूचना) मध्ये हेडलेस ट्रू टाका. मूळ कॅटालिना डॉट एसएच ला हात लावू नका, पुढच्या अपग्रेडला बदल उडून जातात.

त्याहून महत्त्वाचं, स्टार्टअप डॉट एसएच हाताने चालवणं कायमचं सोडा. सिस्टीमडीची (लिनक्सवर प्रोग्रॅम आपोआप सुरू करणारी, सांभाळणारी यंत्रणा) सर्व्हिस लिहा. टॉमकॅट नावाचा वेगळा युजर, रूट (सगळे अधिकार असलेला युजर) नको. एक्झेकस्टार्टमध्ये कॅटालिना डॉट एसएच रन द्या, स्टार्ट नाही, म्हणजे तो फोरग्राउंडलाच चालत राहतो आणि सिस्टीमडीला नेमकं कळतं की जिवंत आहे का. रीस्टार्ट ऑन-फेल्युअर. आणि सक्सेसएक्झिटस्टेटस १४३ लिहा, कारण जावाला नीट थांबवलं तरी ते १४३ आकडा देऊन बाहेर पडतं आणि सिस्टीमडी त्याला अपयश समजतं. मग सिस्टीमसीटीएल इनेबल. आता डेटा सेंटरमध्ये मशीन रीस्टार्ट झालं तरी कुणी लॉगिन न करता टॉमकॅट उभा राहील, १७ किलोमीटर जायला नको.

झाल्यावर खात्री करायची पद्धत सांगते, ती मला फार आवडते. जावाचा प्रोसेस नंबर काढा, प्रॉक फोल्डरमध्ये त्या नंबराच्या आत एन्व्हायरॉन नावाची फाइल असते, सुरू होताना प्रोसेसला कोणकोणती व्हेरिएबल मिळाली ती सगळी तिच्यात असतात. ग्रेप (मजकूर शोधायची कमांड) करून डिस्प्ले शोधा. सापडायला नको.

पतसंस्था_सेवक | बुधवार, रात्री १२:५५

केलं! सर्व्हिस झाली. सर्व्हर मुद्दाम रीबूट केला, हात न लावता टॉमकॅट वर आला, मी खुर्चीत नुसता बघत बसलो होतो. लॅपटॉप बंद करून पाच मिनिटांनी मोबाइलवरून डॅशबोर्ड उघडला तर चार्ट आला. डोळ्यांत पाणी आलं खरंच.

पण दोन नवीन गोष्टी झाल्या. चुकीचा खाते क्रमांक टाकला की आता करडी विंडो येत नाही, पण ब्राउजरमध्ये हेडलेस एक्सेप्शन येतंय. आणि एक्सेल-साठी आम्ही जी सीएसव्ही काढतो तिच्यात कालपर्यंत मराठी नावं नीट होती, आज प्रश्नचिन्हं आहेत. पावतीवर डबे आहेतच.

निशिगंध_रूट | बुधवार, सकाळी ९:०५

पहिलं अपेक्षितच होतं आणि चांगलंच झालं, लपलेली जागा दिसली. कोडमध्ये जेऑप्शनपेन शोधा, जिथे जिथे सापडेल तिथे ती ओळ काढून लॉगरची ओळ टाका आणि क्लार्कला दिसेल असा संदेश पानावर पाठवा. बहुतेक एरर पकडणाऱ्या कॅच ब्लॉकमध्ये असतील. नाही काढलंत तर हेडलेस एक्सेप्शन मूळ एररला झाकून टाकेल आणि नंतर शोधताना जीव जाईल. कोडचा तुकडा इथे टाका, आपण सगळे बघू, सभासदांची माहिती आणि पासवर्ड काढून मगच टाका.

प्रश्नचिन्हांचं कारण लॉगिन शेलमधली लँग, म्हणजे भाषा आणि अक्षरं कशी लिहायची ते सांगणारं व्हेरिएबल. हाताने सुरू करत होता तेव्हा तुमच्या सेशनची यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या मावणारी) लँग टॉमकॅटला मिळत होती. सर्व्हिसला ती मिळेलच असं नाही, मग जुनं जावा आस्की, म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरं, धरून चालतं आणि मराठीचं प्रत्येक अक्षर प्रश्नचिन्ह होतं. सेटएन्व्हमध्येच फाइल डॉट एन्कोडिंग यूटीएफ-८ लिहा. जावा १८ पासून यूटीएफ-८ हेच मूळ धरलेलं आहे पण तुम्ही ११ वर असाल असं वाटतंय.

डब्यांसाठी अक्षरवेडा यांना बोलावते, त्यांचा प्रांत आहे.

अक्षरवेडा | बुधवार, दुपारी १२:३०

आलो. मराठी छपाई सर्व्हरवर बिघडते तेव्हा तीन वेगवेगळे आजार असतात आणि लोक सगळ्यांना "फॉन्टचा प्रॉब्लेम" म्हणतात, तिथे वेळ जातो. प्रश्नचिन्हं दिसली तर अक्षर वाटेतच मेलंय, मजकूर हरवलाय, कितीही चांगला फॉन्ट टाका परत येणार नाही, आणि अशी प्रश्नचिन्हं डेटाबेसमध्ये लिहिली जात नाहीयेत ना हे आजच बघा, ते सगळ्यात धोक्याचं. चौकोनी डबे दिसले तर मजकूर शाबूत आहे, फक्त काढायला फॉन्ट नाही. आणि अक्षरं दिसतात पण "किल्ला" ची पहिली वेलांटी क च्या उजवीकडे जाऊन बसते, "स्त्री" चे पाय मोडून तीन तुकडे होतात, तर फॉन्ट आहे पण जोडाक्षर बांधणारं कुणी नाही.

तुमचं आत्ता डब्यांचं दुखणं आहे. डेस्कटॉपसोबत ढीगभर फॉन्ट आपोआप येतात म्हणून कोपऱ्यातल्या पीसीवर कधी कळलं नाही. सर्व्हरवर एफसी-लिस्टला लँग एमआर देऊन विचारा, यादी रिकामी येईल. फॉन्टकॉन्फिग टाका, लोहित देवनागरी किंवा नोटो सान्स देवनागरी टाका, एफसी-कॅश चालवा, टॉमकॅट रीस्टार्ट करा, कारण जावा फॉन्टची यादी सुरुवातीलाच वाचतं. खरं तर जॅस्परसाठी याहून पक्कं म्हणजे फॉन्ट एक्स्टेंशनची जार करून अ‍ॅपमध्येच ठेवणं आणि पीडीएफमध्ये फॉन्ट एम्बेड करणं. मग सर्व्हर बदलला तरी पावती तीच.

डबे गेले की तिसरा आजार दिसणार हे आत्ताच सांगून ठेवतो, घाबरू नका. तुमचं जॅस्पर ज्या जुन्या आयटेक्स्ट लायब्ररीने पीडीएफ करतं त्याला देवनागरीची जोडाक्षरं बांधता येत नाहीत. जॅस्परच्या नव्या आवृत्त्यांत ग्लिफ रेंडरर ब्लॉक्स नावाची एक प्रॉपर्टी आहे, तिच्यात देवनागरी लिहायचं, मग तेवढा मजकूर जावा स्वतःच्या लेआउट इंजिनने काढून देतं. जावा ९ पासून ते इंजिन हार्फबझ आहे, देवनागरी उत्तम बांधतं. स्क्रीन नसलेल्या मशीनवर हेडलेस मोडमध्येच हे सगळं होतं, हे मला अजूनही सुंदर वाटतं.

तपासायला एकच पावती छापा आणि तिच्यात हे शब्द घाला: कुऱ्हाड, दऱ्या, सूर्या, स्त्री, किल्ल्यांत, क्षेत्रज्ञ, जिल्ह्यातील. "दऱ्या" मधला र नीट चंद्रकोरीसारखा आला पाहिजे, रफार झाला तर शब्दच बदलतो. ल आणि श हिंदी वळणाचे आले तर फॉन्ट बदला, मराठीत ते कसे असावेत हे २००९ च्या शासन निर्णयात ठरवून दिलेलं आहे आणि सभासदांच्या नावात ते चुकलेलं मला तरी बघवत नाही.

कट्टा_कोडर | बुधवार, दुपारी ४:२०

हेडलेस क्रोम पण आहे ना? पान एचटीएमएलमध्ये बनवायचं आणि पीडीएफ करून घ्यायचं, जोडाक्षरं एकदम परफेक्ट. २०१७ पासून आहे ती सोय.

अक्षरवेडा | बुधवार, संध्याकाळी ५:१०

आहे, आणि नवीन काम असेल तर मी तेच सुचवेन. पण यांचे सगळे रिपोर्ट जॅस्परमध्ये बांधलेले आहेत, ३१ मार्च तोंडावर, आणि २ जीबीत क्रोम उघडायचं म्हणजे मेमरीची ओढाताण. एप्रिलनंतर बघू.

पतसंस्था_सेवक | शनिवार, रात्री १०:३०

उशीर झाला लिहायला, तीन दिवस हेच करत होतो. जेऑप्शनपेन एकूण ११ ठिकाणी सापडलं, कट्टा_कोडर दादांनी व्यक्तिगत निरोप पाठवून प्रत्येक जागा बघून दिली, आभार मानावे तेवढे कमी. सीएसव्ही नीट झाली. डेटाबेसमध्ये बघितलं, प्रश्नचिन्हांची एकही नोंद गेलेली नाही. लोहित टाकल्यावर डबे गेले आणि सांगितल्याप्रमाणे वेलांट्या उड्या मारायला लागल्या, जॅस्पर नव्या आवृत्तीवर नेऊन ती प्रॉपर्टी टाकली तर "कुऱ्हाड" सुद्धा बरोबर आली. पावती प्रिंट करून मामांना दाखवली, त्यांनी चष्मा लावून वाचली आणि म्हणाले आता आपल्यासारखी दिसतेय.

एक मात्र मी स्वतः पकडलं. पावतीवर सकाळी १०:३० ला ०५:०० अशी वेळ छापली जात होती. सर्व्हर यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ) होता! म्हणजे रात्री १२ नंतर व्याजाचं काम चालवलं तर आदल्या दिवसाची तारीख पडली असती, आणि ३१ मार्चच्या रात्री ते केवढ्याला पडलं असतं. टाइमडेटसीटीएलने एशिया कोलकाता केलं, टॉमकॅट आणि मायएसक्यूएल दोन्ही रीस्टार्ट केले, आता बरोबर येतंय.

निशिगंध_रूट | शनिवार, रात्री ११:०५

शाब्बास! वेळेचं मी सांगायला हवं होतं, राहून गेलं आणि तुम्ही पकडलंत. आतापर्यंत ज्या पावत्या चुकीच्या वेळेच्या छापल्या गेल्या त्यांची यादी करून ठेवा, ऑडिटला विचारतील.

अजून दोन कामं राहिलीत, ती ३१ च्या आधी करा. बाहेरून ८०८० पोर्ट उघडं असेल तर बंद करा, पुढे एनजिनएक्स वेब सर्व्हर ठेवून फक्त ४४३ (एचटीटीपीएसचं पोर्ट). टॉमकॅटचं मॅनेजर पान बघायचं असेल तेव्हा एसएसएचच्या बोगद्यातून लॅपटॉपवर आणा, तोच बोगदा या वेळी आपल्या कामाचा. आणि बॅकअप रोज रात्री निघतोय पण तो परत चढवून बघितलाय का कधी?

पतसंस्था_सेवक | शनिवार, रात्री ११:१८

नाही बघितलाय ताई. उद्या रविवार आहे, कोपऱ्यातला जुना पीसी रिकामाच पडलाय, त्याच्यावर चढवून बघतो आणि इथेच लिहितो.